कॅल्शियम घातलं तरी वाढत का नाही?

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत 200 लिटर पाणी आहे आणि बरेचसे कठीण प्रवाळ आहेत. कॅल्शियम 360 पीपीएमच्या (दशलक्षात 360 भाग) वर जातच नाही, अल्कॅलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) मात्र 11.5 डीकेएच (तिचं एकक, अंश) आहे. कॅल्शियम क्लोराइड घातलं की पाणी दुधाळ होतं आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा 360. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही घातलेलं कॅल्शियम प्रवाळांना मिळायच्या आधीच कार्बोनेटशी जुळून चुना होतंय. पाणी दुधाळ दिसतं ते त्यामुळेच. पंप उघडून बघा, इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पंख्यावर) आणि हीटरच्या नळीवर खरखरीत पांढरा थर हाताला लागेल. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन त्यात तासभर बुडवलं की तो सुटतो. हीटर आधी बंद करून थंड होऊ द्या.

आधी क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग) प्रमाण द्रावणावर जुळवून घ्या. क्षारता 30 असेल तर नुसत्या त्या कमतरतेमुळेच कॅल्शियम साडेतीनशेच्या आसपास दिसेल, मग पावडरी घालण्यात अर्थ नाही.

क्षारता बरोबर असेल तर मॅग्नेशियम मोजा. बहुतेकदा दुखणं तिथेच असतं. समुद्रात ते सुमारे 1300 पीपीएम असतं आणि चुन्याच्या स्फटिकांची वाढ तेच रोखून धरतं. ते 1100 वर आलं आणि अल्कॅलिनिटी 11 च्या पुढे असली, की थोडंसं कारणही चुना बसायला पुरतं.

म्हणून क्रम असा ठेवा. अल्कॅलिनिटीचा डोस थांबवा आणि ती 8 ते 9 पर्यंत उतरू द्या. तोवर मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट रोज 84 ग्रॅम, आरओ पाण्यात विरघळवून, जोरदार प्रवाहात हळूहळू ओता. तुमच्या टाकीत त्याने दिवसाला 50 पीपीएम वाढेल, म्हणजे 1100 वरून 1300 ला चार दिवस. त्यानंतरच कॅल्शियम : क्लोराइडची डायहायड्रेट पावडर रोज 15 ग्रॅम, साधारण 20 पीपीएम. तीन दिवसांत 420 गाठाल. अल्कॅलिनिटी वाढवणारा खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम एकाच वेळी, एकाच जागी कधीही घालू नका, मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या.

पुढे रोज लक्ष ठेवायचं ते अल्कॅलिनिटीवर. प्रवाळ 20 पीपीएम कॅल्शियम वापरतात तेव्हा 2.8 डीकेएच खर्ची पडते. कॅल्शियमच्या साठ्याला तो जेमतेम 5 टक्के फटका, अल्कॅलिनिटीच्या साठ्याचा मात्र जवळपास तिसरा हिस्सा! कॅल्शियम 400 आहे की 440, याची प्रवाळांना फारशी फिकीर नसते. अल्कॅलिनिटी एका दिवसात दीडदोन अंशांनी हलली तर मात्र टोकं पांढरी पडू शकतात.

डोस ठरवायला तीन दिवस काहीही न घालता रोज ठरलेल्या वेळी अल्कॅलिनिटी मोजा. 8.6 वरून 7.4 झाली, तर रोजचा खप 0.4. तुमच्या टाकीत 1 डीकेएचला 6 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे रोज 2.4 ग्रॅम. जोडीला कॅल्शियम क्लोराइड 2.1 ग्रॅम.

प्रश्न : खाण्याचा सोडा भाजून का वापरतात?

उत्तर : भाजल्यावर त्याचा सोडियम कार्बोनेट होतो आणि तो पीएच चढवतो. पीएच 8 च्या खाली राहत असेल तरच भाजा : पातळ थर, 200 अंश सेल्सिअस, तासभर. भाजल्यावर वजन घटतं, त्यामुळे 6 ग्रॅमच्या जागी 3.8 ग्रॅमच पुरतात. बेकिंग पावडर मात्र चालत नाही, तिच्यात आम्लही असतं.