स्क्रॅम्बलचा चौथा गडी आणि त्याचा हँडिकॅप

पाऊस मागे सरला, गोल्फ कोर्सच्या फेअरवेवरचं (टी ते होल यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरचं) पाणी आटलं की क्लबांच्या, कंपन्यांच्या आणि डॉक्टर-वकील मंडळींच्या सांघिक स्पर्धांना भर येतो, आणि तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. बहुतेक स्पर्धा स्क्रॅम्बलच्या असतात. चौघांनी टीवरून (होल सुरू करायच्या जागेवरून) मारायचं, त्यातला एक बॉल निवडायचा, त्या जागेवरून पुन्हा चौघांनी मारायचं. बॉल होलमध्ये जाईपर्यंत हेच. फोरसम्स किंवा फोर-बॉल या जोड्यांच्या प्रकारांना जसा नियमपुस्तकात स्वतःचा नियम आहे तसा स्क्रॅम्बलला नाही. स्पर्धेची कमिटी ज्या अटी छापते त्यांवर हा खेळ चालतो. तेव्हा खाली वारंवार 'कमिटीला विचारा' आलं तर वैतागू नका.

निवडलेल्या बॉलच्या जागी बाकीच्यांनी आपला बॉल नेमका कुठे ठेवायचा? दर वेळी वाद होतो. (अलिबाग)

बॉल उचलण्याआधी जागेवर टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खोचा. निम्मे वाद तिथेच मिटतात. त्या खुणेपासून एका क्लबच्या (बॉल मारायच्या काठीच्या) लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता बॉल ठेवायचा, ही सर्वसाधारण अट. काही कमिट्या क्लबऐवजी स्कोअरकार्डाची लांबी देतात. दुसरी अट लोक सोयीस्कर विसरतात: निवडलेला बॉल रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) असेल तर तुमचाही रफमध्येच, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असेल तर बंकरमध्येच. क्लब आडवा टाकून फेअरवेवर सरकायचं नाही. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) खुणेच्या जागीच ठेवायचा. ठेवायचा की ड्रॉप करायचा (हातातून सोडायचा), हे अटींत नसेल तर पहिल्या टीवर विचारून घ्या, सातव्या होलवर नको.

पहिल्याचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) सहा इंचांवर थांबला. त्याने सहज ढकलून आत घातला. बाकी तिघांचे पट राहिले होते. ते मारता येतात का? (पनवेल)

बहुतेक स्पर्धांच्या अटींप्रमाणे नाही. संघाचा बॉल होलमध्ये गेला, होल संपला. ढकलायचा मोह आवरा, खूण करून बाजूला व्हा.

आमच्या चौथ्या गड्याकडे हँडिकॅप नाही. आयोजक म्हणतात '24 धरू'. दुसरा एक जण म्हणतो, ॲपवर पैसे भरले की दोन दिवसांत सर्टिफिकेट मिळतं. कुठलं चालेल? (चिपळूण)

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याच्या स्कोअरमधून वजा होणारे शॉट. बक्षिसासाठी खेळणार असाल तर दोन्ही नाही. हौसेसाठी खेळणार असाल तर काहीही धरा, पण मग नेट (हँडिकॅप वजा केलेल्या स्कोअरच्या) बक्षिसाच्या यादीत नाव घालू नका.

'24 धरू' यात काय बिघडतं ते आकड्यांत पाहा. उदाहरणापुरता एक कोर्स धरू: पार (कोर्सचे ठरलेले शॉट) 72, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) 71.2, स्लोप (कच्च्या खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा) 125. एका फेरीचं डिफरेन्शियल (कोर्सच्या अवघडपणाच्या मानाने त्या फेरीचा आकडा) काढायचं तर स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचं, 113 ने गुणायचं आणि स्लोपने भागायचं. (त्या दिवसाच्या हवामानाची दुरुस्ती इथे सोडून दिली आहे.) 90 मारणाऱ्याचं डिफरेन्शियल 17.0 येतं, 108 मारणाऱ्याचं 33.3. हीच त्यांची सर्वांत चांगली फेरी असेल, तर पहिल्या तीन कार्डांवर त्यातून 2.0 वजा होऊन इंडेक्स (खेळाडूच्या हँडिकॅपचा मूळ आकडा) अनुक्रमे 15.0 आणि 31.3 मिळेल. दोघांनाही 24 दिलेत तर पहिल्याला फुकटचे शॉट मिळाले आणि दुसऱ्याचे हक्काचे गेले. आणि 'हँडिकॅप नाही' म्हणणारा दर वेळी नवशिका असतोच असं नाही. वर्षानुवर्षं क्रिकेट, हॉकी, टेनिस खेळलेला माणूस चार महिन्यांत 90 मारू लागतो, फक्त कार्ड भरत नाही. त्याचाच '24' ट्रॉफी घेऊन जातो.

खरा रस्ता लांबचा नाही. इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबाकडून किंवा कोर्सकडून नोंदणी करा. एकूण 54 होलची कार्डं द्या: 18 होलच्या तीन फेऱ्या, किंवा 9 आणि 18 होल मिळून तेवढे. कोर्सला रेटिंग असलेलं हवं. फेरी नियमांनी खेळलेली हवी, सोबत किमान एक जण हवा, आणि कार्डावर त्याची सही हवी. एकट्याने मारलेली फेरी, ड्रायव्हिंग रेंज, सिम्युलेटर यांतलं काही चालत नाही. हँडिकॅप मिळेपर्यंत एका होलवर पार अधिक 5 यापेक्षा जास्त आकडा धरला जात नाही, त्यामुळे एखाद्या होलवर 13 झाले म्हणून कार्ड फाडू नका. तीन कार्डं झाली की सर्वांत चांगल्या डिफरेन्शियलमधून 2.0 वजा, चार झाली की 1.0 वजा, पाच झाली की तेच जसंच्या तसं. असं करत वीस कार्डं झाली की शेवटच्या वीसांतल्या उत्तम आठांची सरासरी. कमाल इंडेक्स 54.0, म्हणजे 'माझा खेळ हँडिकॅपच्या लायकीचाच नाही' ही सबबही उरत नाही.

ॲपबद्दल. स्कोअर नोंदवायला ॲप उत्तम. पण ॲपने काढलेला आकडा म्हणजे हँडिकॅप इंडेक्स नव्हे. त्यामागे क्लब, नोंदणी आणि तपासता येणारी कार्डं लागतात. कोणी सर्टिफिकेट विकत असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा: कोणत्या क्लबातून, कोणत्या तारखांची कार्डं, सह्या कोणाच्या. उत्तरात फक्त पावती क्रमांक आला तर पैसे वाचवा. प्रवेश शुल्कातच 'हँडिकॅपची सोय' करून देणाऱ्या आयोजकांचीही हीच परीक्षा घ्या.

उलटा रोगही आहे: हँडिकॅप असतो, पण फुगवलेला. वाईट फेऱ्या तत्परतेने भरायच्या, चांगल्या 'नेटवर्क नव्हतं' म्हणून राहिल्या. पद्धतीत याला थोडा लगाम आहे. गेल्या वर्षभरातल्या नीचांकापेक्षा इंडेक्स 3.0 ने वर गेला की पुढची वाढ निम्मी होते आणि 5.0 ला थांबते. इंडेक्सपेक्षा 7.0 किंवा अधिक चांगली फेरी पडली तर 1.0 ची कपात, 10.0 किंवा अधिक असेल तर 2.0 ची. पण भरलंच नाही ते कार्ड यंत्राला दिसत नाही, क्लबच्या हँडिकॅप कमिटीला दिसतं. न भरलेल्या फेरीसाठी पेनल्टी स्कोअर लावायचा अधिकार तिला आहे, इंडेक्स कमी करायचाही आहे. वापरला जात नाही, ही वेगळी रड.

आयोजकांनो, अटींत चार ओळी घाला: इंडेक्स कोणत्या तारखेचा धरणार, किमान किती कार्डं लागणार, कमाल मर्यादा किती, आणि हँडिकॅप नसलेल्याला नेट बक्षीस नाही. नावं घ्यायची शेवटची तारीख स्पर्धेच्या आठवडाभर आधीची ठेवा. आदल्या रात्री फोनवर आलेला स्क्रीनशॉट पडताळणार कोण?

संघाचा हँडिकॅप आम्ही चौघांच्या बेरजेचा दहावा हिस्सा धरत आलो. आता वेगळं सांगतात. (रत्नागिरी)

दहावा हिस्सा ही जुनी वहिवाट. जागतिक हँडिकॅप पद्धतीतली शिफारस अशी: चौघांचे कोर्स हँडिकॅप कमीकडून जास्तीकडे लावा आणि अनुक्रमे 25, 20, 15 आणि 10 टक्के घ्या. तिघांचा संघ असेल तर 30, 20, 10. दोघांचा असेल तर 35 आणि 15.

आधी इंडेक्सचा कोर्स हँडिकॅप करायचा: इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले 113, अधिक कोर्स रेटिंग वजा पार. वरच्याच कोर्सवर इंडेक्स 8.4, 14.0, 19.5 आणि 28.0 असतील तर कोर्स हँडिकॅप 8.49, 14.69, 20.77 आणि 30.17 येतात. मधे पूर्णांक करू नका, इथेच चूक होते. टक्के लावल्यावर 2.12, 2.94, 3.12, 3.02, बेरीज 11.20, म्हणजे संघाला 11. दहाव्या हिश्शाने 7 आले असते. चौघांनीही इंडेक्स पाच-पाचने फुगवला तर 11 चे 15 होतात. स्क्रॅम्बलमध्ये अव्वल दोन संघांत एखाद्या शॉटचा फरक पडतो, त्यामुळे चार शॉट म्हणजे पहिलं आणि दहावं यांतलं अंतर.

टक्केवारी ही शिफारस आहे, अंतिम शब्द कमिटीचा. छापील अट पाहा.

महिला आणि ज्येष्ठ पुढच्या टीवरून खेळतात. त्यांचा हँडिकॅप वेगळा कापायचा का? (खारघर)

नाही. ज्या टीवरून खेळणार तिचं रेटिंग आणि स्लोप वापरून कोर्स हँडिकॅप काढा. फरक त्यातच आला. तक्ता कोर्सच्या ऑफिसात मिळतो.

कार्डावर हँडिकॅप चुकीचा लिहिला. संघ बाद का? (रोहा)

2023 पासून नाही. हँडिकॅपचे शॉट मोजणं आता कमिटीचं काम. कार्डावर तो लिहायची सक्ती खेळाडूवर नाही. कमिटीने चुकीचा लावला तर ती कार्यालयीन चूक, केव्हाही दुरुस्त होते. तुमची जबाबदारी प्रत्येक होलचा स्कोअर आणि सह्या. होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहिलात तर बाद, जास्त लिहिलात तर तोच कायम. मार्कर (तुमचा स्कोअर लिहिणारा) दुसऱ्या संघाचा असू द्या.

प्रत्येकाचे किमान तीन ड्राइव्ह (टीवरचे पहिले शॉट) वापरायचे अशी अट होती. शेवटी आम्ही अडकलो. (सावंतवाडी)

चौघांचे तीन-तीन म्हणजे 12, मोकळे उरतात 6. चार-चारची अट असेल तर फक्त 2. अडकतात ते पहिल्या नऊ होलवर फक्त दांडग्याचे ड्राइव्ह घेणारे. कच्च्या गड्याचा बॉल फेअरवेवर आला की लगेच घ्या, वीस यार्ड मागे असला तरी. कार्डावर प्रत्येक होलपुढे ज्याचा ड्राइव्ह त्याचं आद्याक्षर लिहा. पार 3 होलवरचा शॉट ड्राइव्ह म्हणून धरायचा का आणि संख्या भरली नाही तर दंड काय, हे दोन प्रश्न सुरुवातीआधी कमिटीला विचारा. दंड ठरवलेलाच नसतो असं फार वेळा होतं.

बॉल गडग्याला टेकला, झावळीखाली गेला, खेकड्याच्या बिळात पडला, किंवा शेजारी फुरसं दिसलं तर? (दापोली)

चारही वेगळे. जांभ्याचा गडगा कोर्सची हद्द दाखवत असेल तर फुकट सवलत नाही. आहे तसा मारा किंवा एक शॉट दंड घेऊन अनप्लेएबल (खेळता न येण्याजोगा) जाहीर करा. आतला एखादा गडगा अडथळा मानायचा की कोर्सचा भाग, ते स्थानिक नियमांत पाहा. गळून पडलेली झावळी किंवा नारळ उचलून टाका; मात्र उचलताना बॉल हलला तर ग्रीनबाहेर एक शॉट दंड. खेकड्याचं बीळ प्राण्याचं बीळ ठरतं, म्हणून दंड न घेता सवलत. वाळवीचं आणि मुंग्यांचं वारूळ या सवलतीत येत नाही; त्याला जमिनीवरचा सुटा अडथळा मानतात. कडक वारुळांना कमिटीने 'दुरुस्तीखालील जागा' जाहीर करावं, हे बरं.

फुरसं असेल तर मागे व्हा आणि बाकीच्यांना थांबवा. धोकादायक प्राण्याच्या नियमाखाली, बॉल पेनल्टी एरियात (पाणी वगैरेच्या आखलेल्या जागेत) नसेल तर, जवळच्या सुरक्षित जागेपासून एका क्लबच्या आत दंडाशिवाय ड्रॉप मिळतो. स्क्रॅम्बलमध्ये त्याचीही गरज नाही, दुसऱ्याचा बॉल निवडा. पाल्यात हात घालून बॉल शोधू नका. कोणाला चावलंच तर माणसाला चालवू नका, जखम कापू नका, बांधू नका. उचलून थेट रुग्णालयात न्या.

मलिगन विकत घेतलेला असताना होल-इन-वन (टीवरच्या एकाच शॉटमध्ये बॉल होलमध्ये) झाला. आयोजक गाडी देत नाहीत. (पनवेल)

मलिगन म्हणजे पैसे देऊन पुन्हा मारायचा शॉट. त्याने झाला तर तो होल-इन-वन नव्हेच. गाडीमागे बहुधा विमा असतो आणि त्याच्या अटींत किमान अंतर, साक्षीदार आणि पहिलाच टी शॉट हे असतं. फलकावर गाडीचा फोटो मोठा आणि अटी बारीक. पॉलिसीची प्रत मागा. धर्मादाय निधीसाठी मलिगन विकायला हरकत नाही, पण मग त्या निकालाला स्पर्धेचा निकाल म्हणू नका.

नेट विजेत्या संघाला रोख रक्कम दिली तर? (अलिबाग)

हँडिकॅप स्पर्धेत हौशी खेळाडूने रोख घेऊ नये, हौशी दर्जा जाऊ शकतो. वस्तू किंवा खरेदीचं व्हाउचर मर्यादेत चालतं. 2022 च्या नियमांत ती मर्यादा 700 पौंड किंवा 1000 डॉलर आहे. राष्ट्रीय संघटना ती कमी करू शकते. बक्षिसं ठरवण्याआधी युनियनला पत्र टाका.

रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) चालतो का? (खारघर)

चालतो, चढ-उताराची सोय बंद ठेवून. स्थानिक नियमाने मनाई असेल तर नाही.

स्क्रॅम्बलचा स्कोअर हँडिकॅपसाठी भरायचा का? (चिपळूण)

नाही.

बक्षीस वाटप झाल्यावर कळलं की विजेत्या संघातल्या एकाचा इंडेक्स खोटा होता. आता? (रत्नागिरी)

निकाल जाहीर होण्याआधी आला असतात तर सोपं होतं. स्पर्धा संपल्यावर सहसा निकाल बदलत नाहीत. पण खेळाडूला आपण नियम मोडतोय हे ठाऊक होतं असं दिसलं तर कमिटी नंतरही बाद करू शकते. तक्रार लेखी द्या: तारीख, कोर्स, सोबत खेळलेल्यांची नावं आणि न भरलेल्या फेऱ्यांची कार्डं असतील तर ती. एक प्रत स्पर्धेच्या कमिटीला, एक त्याच्या मूळ क्लबच्या हँडिकॅप कमिटीला. गटात मेसेज टाकून नाव घेऊ नका. ते प्रकरण गोल्फच्या नियमांत बसत नाही, त्यासाठी वकील लागतो.