समुद्राकाठचं लाकूड : वाचकांचे प्रश्न

नवरात्र उलटलं की किनारपट्टीवरून या सदराला पत्रं यायला लागतात. चार महिने झड खाल्लेलं लाकूड उन्हात येतं आणि काय काय बिघडलंय ते तेव्हा कुठे दिसतं. या खेपेला डेक, पडवी आणि त्यांच्या खांबांबद्दलची पत्रं घेतली आहेत. सुरुवात गुहागरच्या पत्रापासून करतो, कारण तोच प्रश्न निम्म्या पत्रांत या ना त्या रूपात आलाय.

प्रश्न : आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, त्यांच्यापुढे सागवानी डेक आहे. दर एप्रिलला पॉलिश मारतो. तरी या पावसानंतर काही फळ्या पायाखाली लवतात, खिळ्यांभोवती काळे डाग पडलेत आणि पॉलिशचे पापुद्रे सुटतायत. ठेकेदार म्हणतो, घासून नवं पॉलिश मारू, नव्यासारखं होईल. सागाला तर कीड लागत नाही ना? – एक वाचक, गुहागर

उत्तर : थांबा, पॉलिशचं नंतर बघू. आधी लवणाऱ्या फळ्यांपैकी एक पूर्ण काढा आणि खाली वाकून बघा. फळी वरून बहुधा बरी असते. ती खालच्या कडीवर, म्हणजे फळ्या पेलणाऱ्या आडव्या लाकडावर, जिथे टेकते तिथे बिघाड असतो. दोन लाकडांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत पाणी शिरतं, वारा पोचत नाही, आणि ते पावसाळाभर मुरत राहतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. कोकणात जून ते सप्टेंबर हा आकडा सहज ओलांडला जातो.

लाकूड चांगलं की गेलेलं, हे ओळखायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. त्याचं टोक कडीत तिरपं खुपसून वर उचला. लाकूड निरोगी असेल तर तडतडत लांब ढलपी निघते. कुजलेल्याचा तुकडा आवाज न करता जागच्या जागी तुटतो आणि आतला रंग मातकट दिसतो. ही परीक्षा तीन ठिकाणी कराच : फळ्यांची टोकं, खिळ्यांच्या आजूबाजूला, आणि डेक घराच्या भिंतीला जिथे जोडलाय ती कडी. ही शेवटची कडी मी सगळ्यात जास्त मनावर घेतो. ती सुटली तर पाहुण्यांसकट डेक खाली येतो. तोपर्यंत त्या भागात कुणाला बसवू नका, खुर्च्या उचलून ठेवा.

ठेकेदाराकडे ओलावा मोजायचा सुयांचा मीटर असेल तर उत्तम, पण किनाऱ्यावर तो फसवतो. लाकडावर साचलेल्या मिठामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून डेक गोड्या पाण्याने धुवून, चांगला वाळू देऊन, मग नुकत्याच कापलेल्या आतल्या भागात मोजायला सांगा. मीटरवर १५-१६ टक्के दिसले की काम सुरू करायला हरकत नाही. आपल्याकडे हे साधारण दिवाळीनंतर जमतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या कामाचा हंगाम. पाहुणे यायच्या घाईत ऑक्टोबरात ओल्या लाकडावर हात मारून घेतला तर पैसे पाण्यात जातात.

आता सागाचं. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. गाभ्याभोवतीचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी वाळवीला चालतं आणि बुरशीलाही. हल्ली वखारीत येतो तो बराचसा माल कोवळ्या झाडांचा असतो आणि त्याच्या कडेला दोन-दोन बोटं पांढरा पट्टा दिसतो. तुमच्या फळ्यांच्या त्याच कडा गेल्या असतील, बघून घ्या.

काळे डाग खिळ्यांचे आहेत. सागातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने निघतील. हातमोजे आणि चष्मा घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. खिळे मात्र गेलेच समजा. गंज फुगतो, भोवतीचं लाकूड फाटतं आणि फटीतून पाणी सरळ कडीत उतरतं. सगळे खिळे काढून ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा. दुकानदार ३०४ पुढे करतो, दिसायला तंतोतंत तसेच, स्वस्तही पडतात. पण ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसतं आणि समुद्राच्या हवेत त्यावर तांबूस डाग लवकर चढतात. चुंबक लावून दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा डब्यावर ३१६ किंवा ए४ लिहिलंय का ते वाचा. स्क्रू मारण्याआधी भोक पाडून घ्यायचं, नाहीतर फळीची टोकं फाटतात.

जी कडी कुजली असेल तिच्यात लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारू देऊ नका. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी उकरून काढलाय की त्याबद्दल शांतपणे लिहिणं मला जड जातं. भरलेल्या लांबीच्या मागे ओल कोंडते आणि उरलेलं लाकूडही जातं. कड वरवर गेली असेल तर कुजका भाग चांगल्या लाकडात किमान वीतभर आत जाईपर्यंत कापून टाकायचा आणि बाजूला तेवढ्याच उंचीची नवी कडी पूर्ण लांबीची लावून बोल्टने आवळायची. नुसता तुकडा जोडायचा असेल तर सांधा खांबावर आला पाहिजे, अधांतरी नको. नवी कडी सागाचीच हवी असं नाही. आपल्याकडचा ऐन किंवा किंजळ गाभ्याचा मिळाला तर खालच्या कामाला मी तो आनंदाने वापरतो. पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड मिळालं तर बघाच, ते मुरलेलं असतं. बागेतला साग तोडायचा विचार असेल तर वनखात्याची परवानगी आधी लागते.

फळ्या परत बसवण्याआधी प्रत्येक कडीच्या माथ्यावर डांबरी चिकटपट्टी लावून घ्या, ती दोन्ही बाजूंना थोडी खाली उतरली पाहिजे. दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा. मे महिन्यात चिकटून बसवलेल्या फळ्या जुलैत फुगून एकमेकींना रेटतात. कापलेल्या टोकांना तेलाचे दोन-तीन हात द्या, कारण लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त पाणी पितं. डेकखालून वारा वाहायला हवा. खाली विटा, नारळाच्या सोडणांची पोती, जुन्या खुर्च्या असं काही कोंबून ठेवलं असेल तर आजच काढा.

राहता राहिलं पॉलिश. चकचकीत थर देणारं पॉलिश बाहेरच्या लाकडाला नकोच. उन्हाने तो थर तडकतो, तडीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. पापुद्रे पूर्ण काढून, लाकडात मुरणारं आणि थोडा रंग असलेलं बाहेरच्या कामाचं तेल पातळ हाताने लावा आणि न मुरलेलं पुसून घ्या. ज्या चिंध्यांनी तेल पुसलं त्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवा. काहीच लावलं नाही तर डेक राखाडी होईल. तो रंग वरवरचा असतो, लाकडाची ताकद त्याने जात नाही. तुम्हाला आवडत असेल तर राहू द्या.

प्रश्न : काका, आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात पडवीचं छप्पर गेलं. दुरुस्तीत गवंड्याने खांबांच्या बुडाशी सिमेंट भरून दिलं, म्हणजे हलणार नाहीत. आता दोन खांब खाली बोट घातलं तर बोट आत जाईल इतके मऊ झालेत. पूर्वी कधी असं झालं नव्हतं. खांब बदलावे लागतील का? – आंजर्ल्याच्या एक वाचक

उत्तर : ताई, अख्खे खांब बदलायची गरज बहुधा पडणार नाही. वरचं लाकूड टणक असेल तर ते ठेवायचं, तसं लाकूड आता विकत मिळत नाही.

जुन्या घरात खांब जमिनीत पुरत नसत. खाली दगडाचा तळखडा, त्यावर खांब. पावसाचं पाणी दगडावरून निथळून जाई आणि बुडाला वारा लागे. वादळानंतरच्या त्या दिवसांत लोकांना डोक्यावर छप्पर हवं होतं, गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण सिमेंटचा तो गोल खांबाभोवती वाटीसारखा झालाय. खांबावरून ओघळलेलं पाणी त्यात उतरतं आणि खांब बारा महिने ओल्यात उभा राहतो.

काम असं होतं. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू देऊन जॅकने भार उचलायचा. भार जेमतेम सुटेल इतकंच, जास्त उचललं तर वरची कौलं सरकतात आणि भिंतीला तडा जातो. मग सिमेंट फोडायचं, खांबाचं बूड चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं आणि त्याच जाडीचा गाभ्याचा तुकडा खालून जोडायचा. सांधा आडवा सपाट कापून चालत नाही. दोन्ही तुकडे निम्मे-निम्मे कापून एकमेकांवर किमान हातभर चढले पाहिजेत, आणि सांध्यातून दोन-तीन ३१६ चे बोल्ट आरपार. खालची तिरकी कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवायची म्हणजे पाणी सांध्यात न शिरता बाहेर पडतं. शेवटी सगळं जमिनीपासून वर, काळ्या दगडाच्या तळखड्यावर. वादळात खांब उचलला जाऊ नये म्हणून दगडात बसवलेली स्टीलची कांब खांबाच्या बुडात घेता येते, तेवढी आजची भर जरूर घाला.

हे काम भाराचं आहे. खांबावर माडीचाही भार येत असेल तर सुताराबरोबर एकदा इंजिनियरला दाखवा. आणि दोन्ही खांब एकाच वेळी सोडवू देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात डेक निळ्या ताडपत्रीने घट्ट गुंडाळून ठेवतो. बरोबर ना? – एक वाचक, मालवण

उत्तर : घट्ट गुंडाळू नका. जमिनीतली वाफ खालून येते आणि ताडपत्रीखाली घाम धरतो. पडवीला झावळ्यांची झापं बांधत तेव्हा पाऊस अडायचा आणि वारा खेळायचा. ताडपत्री वापरायचीच तर डेकपासून उंच, उतार देऊन, छपरासारखी बांधा आणि कडा मोकळ्या ठेवा. त्यापेक्षा महिन्यातून एकदा फटींतला पालापाचोळा काढलात तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावत. डेकला चालेल का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : खालच्या बाजूला चालेल. वाळवी त्यापासून लांब राहते आणि कड्यांना, खांबांच्या बुडांना मी ते आजही सुचवतो. चालायच्या फळ्यांवर नको. ते काळं पडतं, दमट हवेत चिकट राहतं आणि अनवाणी पायांना त्रास देतं. कच्चं तेल अंगावर उडालं तर बिब्ब्यासारखं उततं, म्हणून लांब दांड्याचा ब्रश आणि हातमोजे, आणि मुलांना तिथून दूर ठेवा.

प्रश्न : किहीमला आमचं शनिवार-रविवारचं घर आहे. डेक बदलायला दोन दर आलेत, एक डब्ल्यूपीसीच्या फळ्यांचा, दुसरा हिरवट पाइनचा. दोघंही म्हणतात, आता आयुष्यभर बघायला नको. काय घ्यावं? – एक वाचक, मुंबई

उत्तर : आयुष्यभराचं बोलणाऱ्याला आधी विचारा, खालचा सांगाडा कशाचा आणि तो दरात धरलाय का. दोन्ही दर चौरस फुटाचे असतील आणि त्यात फक्त वरच्या फळ्या असतील, अशी मला शंका आहे. जुन्या कुजक्या कड्यांवर नव्या फळ्या ठोकल्या तर वर्षा-दोन वर्षांत परत तिथेच याल. जुन्या फळ्या काढल्यावर, नव्या बसायच्या आधी, सांगाड्याचे फोटो मागा. तुम्ही मुंबईत असता, त्यामुळे एवढा आग्रह धराच.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. वाळवीचा त्रास जवळपास नाही, तेल लावायला नको, आठवड्यातून दोन दिवस राहणाऱ्यांना सोयीचं. पण उन्हात ते लाकडापेक्षा जास्त तापतं, उन्हाळ्यात दुपारी पाय ठेववत नाही. उष्णतेने लांबीला वाढतं, म्हणून टोकांना जागा सोडावी लागते. लाकडापेक्षा लवकर लवतं, त्यामुळे खालच्या कड्या जवळजवळ लागतात आणि तुमच्या जुन्या कड्यांचं अंतर कदाचित पुरणार नाही. सावलीचा डेक असेल तर मी हो म्हणेन.

पाइनची हिरवट छटा बहुधा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेल्या औषधाची असते. ते दाबाखाली लाकडात भरतात आणि नीट भरलं असेल तर साधा पाइनही टिकतो. औषध नेहमी गाभ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जागेवर कापलेलं प्रत्येक टोक आणि प्रत्येक भोक पुन्हा औषधाने भिजवायला हवं. ठेकेदाराच्या सामानात ते औषध आहे का, बघा. औषध आर्सेनिकचं असेल तर मुलं जिथे रांगतात, जिथे तुम्ही जेवायला बसता, तिथे हे लाकूड वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत घरगुती डेकसाठी ते २००४ पासून बंद आहे.

आणि एक गोष्ट घराची राखण करणाऱ्यांना स्वतः सांगा. काम झाल्यावर उरलेले तुकडे बंबात किंवा चुलीत घालायची आपल्याकडे पद्धत आहे. या लाकडाचे तुकडे जाळायचे नाहीत, भुसाही नाही. आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं, आणि राख पुढे भांडी घासायला किंवा भाजीच्या वाफ्यात जाते. सगळे तुकडे गोळा करून ठेकेदाराने परत न्यायचे, हे कागदावर लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता ते नेल्यावरच द्या.