निवृत्तीची रक्कम आणि एका पाइप कंपनीचा ताळेबंद

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. सर्व मिळून ४२ लाख रुपये हाती आले आहेत आणि निवृत्तिवेतनही सुरू झाले आहे. पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घ्यावेत, असा माझ्या भाच्याचा आग्रह आहे. तीन वर्षांत तिचा नफा दुपटीहून अधिक झाला असून शेअर मात्र याच उद्योगातील इतर कंपन्यांपेक्षा स्वस्त आहे, असे तो म्हणतो. कंपनीचा वार्षिक अहवाल सोबत जोडला आहे; त्यात लेखापरीक्षकांचा (हिशेब तपासणाऱ्यांचा) शेरा स्वच्छ आहे. तिच्यात १२ लाख रुपये गुंतवावेत का?

उत्तर: आपण अहवाल संपूर्ण पाठवला हे फार बरे केले, कारण भाच्याने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तरीही माझे उत्तर ‘सध्या नको’ असेच आहे. कंपनीचे नाव येथे घेत नाही. आकडे मात्र आपल्यासमोरच्या अहवालातील आहेत आणि ते आपण स्वतः पडताळून पाहावेत.

नफा-तोटा पत्रकानुसार २०२२-२३ मध्ये विक्री १८० कोटी रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये २९० कोटींवर गेली. याच तीन वर्षांत निव्वळ नफा ११, १६ आणि २३ कोटी असा वाढला. माल ग्राहकाच्या ताब्यात गेला आणि बिल झाले की विक्री नोंदवली जाते, मग पैसे त्याच आठवड्यात येवोत की वर्षभराने येवोत. त्यामुळे ही वाढ रोखीची आहे की उधारीची, हे नफा-तोटा पत्रक सांगत नाही. त्यासाठी ताळेबंदातील ‘व्यापारी येणी’, म्हणजे ग्राहकांकडून यायची बाकी, या ओळीकडे जावे लागते, आणि तेथे ४२ कोटींचा आकडा दोन वर्षांत ११८ कोटी झालेला दिसतो. विक्री ६१ टक्क्यांनी वाढली असताना येणी पावणेतीन पटींहून अधिक वाढली. दिवसांत मांडायचे तर पूर्वी विकलेल्या मालाचे पैसे सरासरी ८५ दिवसांनी येत होते, आता सुमारे १४९ दिवस लागतात.

हीच गोष्ट रोख प्रवाह पत्रकात अधिक स्पष्ट होते, आणि अहवालातले हेच पान बहुतेक गुंतवणूकदार उलटून पुढे जातात. तीन वर्षांचा नफा मिळून ५० कोटी होतो. मुख्य व्यवसायातून आलेली रोकड मात्र पहिल्या वर्षी ६ कोटी, दुसऱ्या वर्षी उणे २ आणि तिसऱ्या वर्षी उणे ९ कोटी आहे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. भारतीय लेखामानकांनुसार, बँका व वित्तसंस्था सोडून इतर कंपन्यांनी भरलेले व्याज व्यवसायाच्या नव्हे, तर वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवले जाते. म्हणजे उणे ९ कोटींचा हा आकडा व्याज भरण्यापूर्वीचा आहे, आणि गेल्या वर्षी ७.८ कोटींचे व्याज त्यानंतर गेले. हा खड्डा बँकेच्या अल्पमुदतीच्या कर्जाने भरला गेला. ते कर्ज दोन वर्षांत ३४ कोटींवरून ८१ कोटींवर पोहोचले. त्याच दोन वर्षांत कंपनीने ४ कोटींचा लाभांशही वाटला. भागधारकांना तो गोड लागला असेल, पण व्यवसायातून रोकड येत नसताना वाटलेला लाभांश अप्रत्यक्षपणे कर्जातूनच दिला जातो.

यावरून लगेच लबाडीचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कंपनीचे मोठे ग्राहक पाणीपुरवठा योजनांचे ठेकेदार आहेत, असे संचालकांच्या अहवालात नमूद आहे. जल जीवन मिशनची घोषणा २०१९ मध्ये झाली, तेव्हा २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ पोहोचवण्याचे उद्दिष्ट होते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ही मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. अशा कामांत सरकारकडून ठेकेदाराचे देयक रखडले की ठेकेदार पाइपवाल्याचे पैसे रखडवतो, हे या धंद्यात सर्वांना माहीत आहे. पैसे अखेरीस मिळतीलही. प्रश्न एवढाच की तोवर बँकेचे व्याज चालू राहते आणि मधल्या काळात एखादा ठेकेदार बुडाला तर त्याचा फटका कंपनीला बसतो.

म्हणून मी ताळेबंदाला जोडलेल्या येण्यांच्या टिपेत त्यांचे वय पाहिले. कोणती रक्कम सहा महिन्यांच्या आतली आणि कोणती त्याहून जुनी, हे कंपन्यांना आता तक्त्यात द्यावे लागते. ११८ कोटींपैकी ३७ कोटी सहा महिन्यांहून जुने आहेत आणि त्यांतले ११ कोटी तर वर्षाहूनही जुने आहेत. बुडीत येण्यांसाठी मात्र केवळ दीड कोटींची तरतूद केलेली आहे. ते ११ कोटी उद्या निर्लेखित करावे लागले, म्हणजे बुडाले म्हणून हिशेबातून काढावे लागले, तर करापूर्वीच्या ३१ कोटींच्या नफ्यातून जवळजवळ एक तृतीयांश भाग जाईल. या संपूर्ण अहवालात मला सर्वाधिक खटकलेली बाब हीच, कारण उशिरा येणारा पैसा व्यवस्थापनाच्या हाताबाहेर असू शकतो, पण अपुरी तरतूद हा त्याने स्वतः घेतलेला निर्णय असतो.

दुसरी टीप संभाव्य देण्यांची, म्हणजे पुढे कदाचित भरावी लागतील अशा रकमांची आहे. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांच्या समूहातील अन्य एका कंपनीच्या कर्जासाठी ४० कोटींची हमी दिलेली आहे. ही रक्कम ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही. पण भागधारकांचा एकूण निधी १२५ कोटींचा असताना त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी हमी ही किरकोळ बाब नव्हे. जमेच्या बाजूला एवढे म्हणता येईल की प्रवर्तकांचे शेअर तारण ठेवलेले नाहीत आणि करपूर्व, व्याजपूर्व नफा अद्याप व्याजाच्या पाचपट आहे.

लेखापरीक्षकांचा शेरा स्वच्छ आहे, असेही आपण लिहिले आहे. तो स्वच्छ असणे आवश्यक आहे, मात्र पुरेसे नाही. सत्यम कॉम्प्युटर्सच्या ताळेबंदांवरही असाच शेरा असे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की सप्टेंबर २००८ अखेर दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, आणि त्या तिमाहीत ६४९ कोटी दाखवलेला व्यवसायातील नफा प्रत्यक्षात ६१ कोटी होता. तेथे रोकडच खोटी असल्याने रोख प्रवाह पत्रकावरही विसंबता आले नसते. आपल्या कंपनीत शिल्लक अवघी ३ कोटी आहे. तेव्हा शंका त्या प्रकारची नाही, साधी वसुलीची आहे.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. प्रतिशेअर नफ्याच्या १४ पट असलेला शेअरचा भाव इतरांच्या तुलनेत कमी आहे खरा, पण हे गुणोत्तर ज्या नफ्यावर काढले त्याची वसुलीच झालेली नसेल, तर त्या स्वस्ताईला फारसा अर्थ उरत नाही. वर सांगितलेल्या टिपा बाजारातील जाणकारांनीही वाचलेल्या असणार.

आपल्या ४२ लाखांपैकी १२ लाख म्हणजे २८ टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच कंपनीत जाते. ताळेबंद निर्दोष असता तरी मी याला संमती दिली नसती. भाच्याचा आग्रह आणि आपले कुतूहल दोन्ही राखायचे असतील, तर दीड लाखांपर्यंतची रक्कम वेगळी काढावी. मात्र तीही सप्टेंबर तिमाहीचे निकाल येईपर्यंत बँकेतच ठेवावी. सूचीबद्ध कंपनीला हे निकाल ४५ दिवसांत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत जाहीर करावे लागतात आणि त्यांच्यासोबत सहामाही ताळेबंद व रोख प्रवाह पत्रकही द्यावे लागते. त्यात येणी १०० कोटींच्या खाली आलेली आणि व्यवसायातील रोकड उणे न राहता शून्याच्या वर गेलेली दिसली, तर शेअर घेण्यास माझी हरकत नाही; दोन्हींपैकी एकच घडले असेल, तर मार्चअखेरचा अहवाल येईपर्यंत थांबावे.

एक काम मात्र नोव्हेंबरपर्यंत थांबणारे नाही. आपले वय ६० पूर्ण नसल्याने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावे लागते. या योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला मिळते. रक्कम हाती आल्याचा पुरावा घेऊन आपण याच आठवड्यात टपाल कार्यालयात किंवा बँकेत जावे.