डेटा तोच असूनही पीडीएफची टेस्ट दर वेळी फेल का होते?

तुम्ही लिहिलंय की प्रोग्रॅमने काढलेली बिलाची पीडीएफ आधी जपून ठेवलेल्या 'बरोबर' फाइलशी ताडून पाहता, आणि डेटात काना-मात्रेचाही फरक नसताना टेस्ट लाल होते. होणारच. दोन पीडीएफ बाइटला बाइट जुळवायच्या नसतात.

फाइल कधी बनली ती वेळ तिच्या आतच लिहिलेली असते. शेवटी ट्रेलरमध्ये, म्हणजे फाइलच्या अखेरच्या माहितीच्या भागात, एक आयडी असतो, तोही बहुधा दर वेळी नवा. फॉन्टमधली लागतील तेवढीच अक्षरं भरली की त्याच्या नावाआधी सहा कॅपिटल अक्षरं लागतात, आणि काही लायब्ररी (पीडीएफ बनवणारे तयार कोड) ती रँडम काढतात. तारीख आणि आयडी बाहेरून देता येत असतील तर टेस्टपुरते गोठवा. पण लायब्ररीची पुढची आवृत्ती आली, कॉम्प्रेशन जरा बदललं, की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांसाठी हिशोबपट्टी छापणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. पोती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती, हे सगळं पीडीएफ बनायच्या आधीच साध्या युनिट टेस्टमध्ये, म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा तपासणाऱ्या टेस्टमध्ये, तपासून होतं. बेरीज बरोबर आहे का हे पाहायला पीडीएफ उघडावी लागत असेल, तर आधी कोडची मांडणी बदला. पीडीएफच्या टेस्टने पाहायचं ते इतकंच, की ठरलेलं सगळं कागदावर नीट उमटलं का.

आणि मराठीत खरी मेख तिथेच आहे. इंग्रजी बिलांचा मजकूर बाहेर काढून ताडला की बहुतेक भागतं. आपलं भागत नाही. पीडीएफच्या पानावर फॉन्टमधल्या आकारांचे नंबर आणि त्यांच्या जागा असतात. त्यावरून युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराचा ठरलेला क्रमांक, ओळखायचा तक्ता वेगळा. 'मिरज'मधली वेलांटी कागदावर 'म'च्या आधी येते, म्हणून मजकूर काढताना बऱ्याचदा 'िमरज' हाती लागतं. पान चोख, टेस्ट फेल. याच्या उलट जास्त वाईट: 'कर्नाळ'चा रफार वर न चढता 'र'खाली हलन्त राहिला, तरी बाहेर निघणारा मजकूर अगदी बरोबर असतो. टेस्ट पास, आणि पट्टी हातात घेतलेला माणूस विचारतो, हे कुठलं गाव काढलं?

म्हणून पानाचं चित्र करा आणि चित्रं ताडा. पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनसंचातलं पीडीएफटूपीपीएम त्याला पुरतं, ते पानाचं चित्र करून देतं. 150 डीपीआयला (इंचाला 150 ठिपके) ए-फोर पान साधारण 1240 बाय 1754 पिक्सेलचं होतं. सुटा रफार त्यात लपत नाही. अक्षरांच्या कडा मशीननुसार किंचित बदलतात, तेव्हा पॉपलरची आवृत्ती पक्की ठेवा, टेस्ट एकाच कंटेनरमध्ये (सगळीकडे सारख्याच राहणाऱ्या बंदिस्त वातावरणात) चालवा आणि थोडी सूट द्या. सूट फार दिलीत तर मात्र हरवलेला अनुस्वारही त्यात खपून जाईल.

टेस्टचा डेटा 'अबक' नको. आमच्याकडे गावांची नावंच कामाला येतात: विटा, शिराळा, बुर्ली, म्हैसाळ, सिद्धेवाडी, आणि रकान्याची रुंदी तपासायला कवठेमहांकाळ. रुपयाचं चिन्ह घालाच. ते 2010 सालचं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन उमटतो. 1,23,456 मधले स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात का ते पाहा. पान नेमकं भरेल इतक्या ओळी द्या, मग एक वाढवा: 'एकूण' एकटंच पुढच्या पानावर जातंय का?

फॉन्ट फाइलमध्ये भरलाय का, हे पॉपलरमधलंच पीडीएफफॉन्ट्स सांगतं. तुमच्या मशीनवर मंगल हा देवनागरी फॉन्ट असतो, म्हणून दिसतं सगळं छान; अडत्याच्या मोबाइलवर नसतो. ही तपासणी, पानांची संख्या आणि फाइलची रचना तपासणाऱ्या क्यूपीडीएफची चेक कमांड क्षणात होते, म्हणून हे सगळं प्रत्येक बिल्डला, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने तयार होईल तेव्हा, लावा. चित्रांची ताडणी वेळ खाते, ती रात्री चालवली तरी चालेल.