वर्डमधली अनुक्रमणिका नीट केली तरी अपडेट दाबलं की पुन्हा बिघडते. सोमवारी प्रबंध जमा करायचाय, काय करू?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मराठी प्रबंध, दोनशेच्या वर पानं, वर्डमध्ये ऑटोमॅटिक अनुक्रमणिका टाकली आहे. पान क्रमांक उजवीकडे एका रेघेत येत नाहीत. दोन-तीन शीर्षकं भलत्याच फॉन्टात दिसतात. तिसऱ्या प्रकरणाखाली तर एक आख्खा परिच्छेदच अनुक्रमणिकेत येऊन बसलाय. तुम्ही बसून सगळं हातानं सरळ करता, मग अपडेट दाबता आणि पुन्हा जैसे थे.

तासा-दीड तासाचं काम आहे, घाबरू नका. फक्त अनुक्रमणिकेत हातानं दुरुस्ती करणं आत्ता, या क्षणी बंद करा. तिथं केलेलं काहीच टिकणार नाही.

मी बडोद्यात दांडिया बाजारात घरीच प्रबंधांचं टायपिंग-सेटिंग करून देते. मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही भाषांतले येतात. गुजरातीतही अनुक्रमणिकेला अनुक्रमणिकाच म्हणतात आणि ती बिघडतेही अगदी मराठीसारखीच. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणवून संस्थानातली ग्रंथालयं लावून घेतली, त्या गावात लोक प्रबंधाची अनुक्रमणिका मात्र बाइंडिंगच्या आदल्या रात्री करायला घेतात. असो. माझाही धंदा त्यावरच चालतो.

आधी एक गंमत करून बघा. फाइल उघडून आल्ट धरून एफ९ दाबा. सगळी यादी गायब होईल आणि तिच्या जागी महिरपी कंसात टीओसी (टेबल ऑफ कन्टेन्ट्स) या अक्षरांनी सुरू होणारी एक छोटी ओळ दिसेल. खरी अनुक्रमणिका ती. वर्डला लिहिलेली चिठ्ठी म्हणा: पहिल्या ते तिसऱ्या पातळीची शीर्षकं गोळा कर आणि पुढं पान क्रमांक लिही. अपडेट म्हटलं की वर्ड जुनी यादी टाकून देतं आणि चिठ्ठी वाचून नवी लिहितं. म्हणून तुम्ही रात्रभर बसून टाकलेल्या स्पेस आणि टिंबं त्या जुन्या यादीबरोबर जातात. पुन्हा आल्ट-एफ९ दाबा, यादी परत येईल.

म्हणजे दुरुस्ती टिकते अशा जागा दोनच. एक, आत प्रकरणात जिथं शीर्षक आहे तिथं. दुसरी, टीओसी १, टीओसी २, टीओसी ३ या नावांच्या स्टाइल्समध्ये, कारण यादीतली प्रत्येक ओळ कशी दिसावी ते या स्टाइल्स ठरवतात. हेडिंग १ ची ओळ टीओसी १ प्रमाणे दिसते, हेडिंग २ ची टीओसी २ प्रमाणे.

आता तो आगंतुक परिच्छेद. यादीत नाही, आत प्रकरणात जाऊन त्याच्यावर क्लिक करा आणि होम टॅबमध्ये कुठली स्टाइल उजळते ते बघा. हेडिंग २ किंवा ३ उजळली तर चुकून लागली आहे. कंट्रोल-शिफ्ट-एन दाबा, नॉर्मल होईल. स्टाइल नॉर्मलच असेल तर उजवं क्लिक करून पॅराग्राफची चौकट उघडा. तिथं आउटलाइन लेव्हल नावाचा रकाना आहे, तो बॉडी टेक्स्ट करा. दुसरीकडून कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुराबरोबर ही लेव्हल गुपचूप येते, आणि मजकूर साधा दिसत असला तरी वर्ड त्याला शीर्षक समजतं.

पण मराठी प्रबंधांत मला सगळ्यात जास्त भेटणारं कारण तिसरंच आहे. मागं एक बाई फाइल घेऊन आल्या. विषय बडोद्यातली मराठी नाटकं. अनुक्रमणिकेत ‘३.२ हौशी नाट्यमंडळ्या’ आणि त्याला चिकटून नऊ ओळींचा मजकूर. स्टाइल बघितली, हेडिंग २. नॉर्मल केली तर परिच्छेदाबरोबर शीर्षकही यादीतून गेलं. पुन्हा हेडिंग २ केली तर शीर्षकाबरोबर परिच्छेदही परत आला. बाई म्हणाल्या, ‘ही म्हणजे जुळी भावंडं झाली की हो!’ मग कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून न दिसणारी चिन्हं दाखवायला लावली. शीर्षकाच्या शेवटी परिच्छेद संपल्याची खूण असायला हवी, उलट्या पी सारखी. तिथं होता डावीकडं वळलेला छोटा बाण. म्हणजे टाइप करणाऱ्यानं एंटरऐवजी शिफ्ट-एंटर मारला होता. डोळ्यांना ओळ तुटलेली दिसते, पण वर्डच्या लेखी शीर्षक आणि परिच्छेद मिळून एकच. बाण खोडला, साधा एंटर मारला, खालच्या परिच्छेदाला नॉर्मल लावलं, संपलं. तुमचंही हेच असेल असं मला वाटतं, कारण ‘नॉर्मल केलं तर शीर्षकही जातं’ असं तुम्ही लिहिलंच आहे.

बाकी कुठं असे आगंतुक लपलेत का ते बघायला व्ह्यू टॅबमधलं नॅव्हिगेशन पेन उघडा. डावीकडं शीर्षकांची उतरंड दिसेल. त्यात लांबच लांब ओळ दिसली की समजा, तिथं गडबड आहे. उलटं, जे शीर्षक तिथं दिसत नाही ते नुसतं ठळक केलेलं आहे, त्याला हेडिंग स्टाइल लागलेलीच नाही, आणि ते अनुक्रमणिकेत येणार नाही.

फॉन्टची तक्रार जरा खोल आहे. एक तर, शीर्षकातल्या अक्षरांना तुम्ही हातानं वेगळा फॉन्ट, रंग किंवा तिरकेपणा दिला असेल तर तो अनुक्रमणिकेत सोबत जातो. त्यावर उपाय सोपा: आतलं ते शीर्षक निवडा आणि कंट्रोल-स्पेस दाबा. वरून चढवलेलं सगळं उतरेल, उरेल ते हेडिंग स्टाइलचं. शीर्षक मोठं किंवा ठळक हवं तर स्टाइलवर उजवं क्लिक करून मॉडिफायमध्ये जा, एकदाच बदला.

दुसरं खास आपलं, देवनागरीचं. वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये दोन फॉन्ट ठेवतं: एक रोमन अक्षरांसाठी, एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्ससाठी, आणि देवनागरी या दुसऱ्या खात्यात येते. आकार आणि ठळकपणासुद्धा दोन्हीकडं वेगळे. म्हणून टीओसी १ मध्ये नुसता वरचा फॉन्ट बदललात तर पान क्रमांक बदलतील आणि मराठी जागचं हलणार नाही. मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट असं जाऊन त्या चौकटीतला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा भाग भरा. तो भाग दिसतच नसेल तर ऑप्शन्समध्ये लँग्वेजखाली मराठी किंवा हिंदी जोडा, वर्ड बंद करून उघडा. हे न कळल्यामुळे लोक ‘वर्डला मराठी जमत नाही’ म्हणून मोकळे होतात. जमतं, पण वेगळ्या दारानं.

फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टात टाइप केलेली असेल तर प्रकार आणखी निराळा. त्यात पडद्यावर ‘प्रकरण’ दिसलं तरी आत इंग्रजी अक्षरं असतात: आय, झेड, डी, जे, टिंब, के. फॉन्ट कृतिदेव असेपर्यंत ती मराठी दिसतात. टीओसी १ ला मात्र दुसराच फॉन्ट असतो, म्हणून अनुक्रमणिकेत तो इंग्रजी गचका उघडा पडतो. तिन्ही टीओसी स्टाइल्सना कृतिदेव लावला की निदान वाचता येतं. पुढच्या वेळी युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, एवढं माझं ऐका.

पान क्रमांकांची रेघ. इथं स्पेसबार आणि टिंबाची कळ दोन्हींना हात लावायचा नाही. हिशेब करायचा: ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच, म्हणजे ३.८१ सोडलं, उजवीकडं एक इंच, २.५४. उरले १४.६५. पान क्रमांक याच ठिकाणी येऊन थांबायला हवा. तुमचे समास वेगळे असतील तर तुमचा आकडा काढा. मग रेफरन्सेस, टेबल ऑफ कन्टेन्ट्स, कस्टम. खाली फॉरमॅट्सच्या रकान्यात ‘फ्रॉम टेम्प्लेट’ निवडलेलं पाहिजे, नाहीतर मॉडिफायचं बटण फिकटच राहतं, आणि लोक इथंच अडकतात. मॉडिफाय, टीओसी १, पुन्हा मॉडिफाय, फॉरमॅट, टॅब्ज. आधीचे सगळे टॅब क्लिअर करा. १४.६५ लिहा, राइट निवडा, टिंबांचा लीडर निवडा, सेट. टीओसी २ आणि ३ लाही हाच आकडा, कारण खालच्या पातळ्या डावीकडून आत सरकतात, उजवीकडची रेघ सगळ्यांची एकच.

आपल्याकडची शीर्षकं लांबलचक असतात, ‘एक चिकित्सक अभ्यास’ लावल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. ती दोन ओळींत जातात आणि पहिली ओळ पान क्रमांकाच्या अंगावर धावून जाते. त्यासाठी त्याच स्टाइल्समध्ये पॅराग्राफमध्ये राइट इंडेंट एक-दीड सेंटिमीटर द्या. मजकूर अलीकडेच वळेल, क्रमांक मात्र टॅबच्या जोरावर पलीकडं कडेला जाऊन बसेल. आणि हँगिंग इंडेंट दिला की दुसरी ओळ ‘३.२’ च्या खाली न येता शब्दांखाली येते. हे दोन आकडे जमले की पान एकदम छापील पुस्तकासारखं दिसतं. मला स्वतःला या कामात सगळ्यात जास्त सुख इथं मिळतं.

बाकीचं भराभर सांगते. पहिलं प्रकरण अनुक्रमणिकेत १ ऐवजी ९ वर दिसत असेल तर ऋणनिर्देशानंतर नुसता पेज ब्रेक आहे. तिथं सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज हवा, आणि नव्या सेक्शनमध्ये पेज नंबर फॉरमॅटमध्ये स्टार्ट ॲट १. यादीत मधेच रिकामी ओळ येत असेल तर कुणीतरी शीर्षकाच्या ओळीतच पेज ब्रेक घुसवलाय. तो काढा आणि हेडिंग १ च्या पॅराग्राफमध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ वर खूण करा, प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर जाईल. क्रमांकाच्या जागी ‘एरर, बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ आलं तर शीर्षक खोडून पुन्हा टाइप केलंय आणि तुम्ही फक्त पान क्रमांक अपडेट केलेत. अपडेट एन्टायर टेबल निवडा, जाईल.

आता घाबरत नव्हता तर इथं थोडं घाबरा. शेवटचं अपडेट करण्याआधी मार्गदर्शकांच्या ट्रॅक चेंजेसमधल्या दुरुस्त्या ॲक्सेप्ट करून टाका आणि ती उलट्या पी ची चिन्हं बंद करा, कारण लपवलेला मजकूर दिसत असेल तर पानं सरकतात आणि क्रमांक त्या सरकलेल्या पानांचे पडतात. मग कंट्रोल-ए, एफ९, एन्टायर टेबल. आणि लगेच, त्याच कॉम्प्युटरवर, पीडीएफ.

वर्डची फाइल पेनड्राइव्हवर घालून दुकानात नेऊ नका. हे माझ्या हातून एकदा झालंय, नवरात्रात. मजकूर कोकिला फॉन्टात होता. विंडोज १० मध्ये कोकिला आणि मंगल दोन्ही देवनागरीच्या जादा फॉन्टांत मोडतात, ते मुद्दाम घालावे लागतात. नुसतं विंडोज टाकलेल्या मशीनवर असते ती निर्मला. दुकानातलं मशीन तसलंच निघालं. कोकिलाची अक्षरं त्याच आकाराला निर्मलापेक्षा बरीच लहान, त्यामुळे तिथं सगळा मजकूर फुगला आणि पानं पुढं सरकत गेली. अनुक्रमणिकेत मात्र माझ्या घरच्या पानांचे आकडे तसेच. पाच प्रती छापून झाल्यावर दुकानातला मुलगा मला बोलवून म्हणतो, ‘बेन, आ तो पानां खसी गयां.’ म्हणजे, पानं सरकली. बाहेर गरब्याचे ढोल सुरू झालेले, त्याला शटर ओढायची घाई, आणि माझ्यासमोर हजारभर वाया गेलेले कागद. त्यातले पाठकोरे मी अजून हिशेबाला वापरते.

तुम्ही इथंच बडोद्यात, फतेगंजात राहता असं लिहिलंय, म्हणजे छपाईची दुकानं दारातच. पीडीएफ घेऊन जा, आधी फक्त अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पान काढायला सांगा, आकडे बोटानं जुळवा, मगच पाच प्रतींना हो म्हणा. आणि कडक बाइंडिंगला सोन्याची अक्षरं टाकायची असतील तर शुक्रवारी देऊन या, शनिवारी सोमवारचं कुणी कबूल करत नाही.