गिअरबॉक्स तापतोय, पण खोलायची घाई नको

प्रश्न : माझ्या पिकअपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मागे ट्रेलर लावून मोठा चढ चढलो की गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान ११८ अंश सेल्सियसपर्यंत जातं. सपाट रस्त्यावर ट्रेलर नसताना ८८ ते ९० असतं. चढ संपल्यावरही अर्धा-पाऊण तास ते शंभराच्या खाली येत नाही. पूर्वी असं होत नव्हतं. मधल्या काळात पुढे लोखंडी बंपर, त्यावर दिवे आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोर गुंडाळणारं यंत्र) बसवला, टायर एक साइज मोठे घातले, गिअरबॉक्सचं ऑइलही बदललं. एका मेकॅनिकने गिअरबॉक्स खोलायला सांगितलंय. मित्र म्हणतात, गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर मोठा लाव. काय करू?

उत्तर : दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. तुम्हाला ११८चा आकडा सलतोय, पण मला तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य महत्त्वाचं वाटलं : चढ संपल्यावरही तापमान उतरत नाही. ट्रेलर ओढत चढताना ऑइल तापणारच. पण सपाटीला लागल्यावर नवी उष्णता फारशी तयार होत नाही, आणि धडधाकट कूलर दहा-पंधरा मिनिटांत आकडा खाली आणतो. तुमच्याकडे तसं होत नाही, म्हणजे एकतर सपाटीवरही उष्णता तयार होते आहे, नाहीतर तयार झालेली बाहेर जात नाही. आधी यातलं कोणतं ते ठरवायचं. गिअरबॉक्स उघडण्यातच माझं आयुष्य गेलं, म्हणून हे कळकळीने सांगतो. कूलर तुंबलेला असेल तर नवाकोरा बांधलेला गिअरबॉक्सही त्याच वाटेने जळतो.

पहिल्यांदा सेन्सर खरं बोलतोय का ते पाहा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करून स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याचे आकडे दाखवणारं यंत्र) गिअरबॉक्स ऑइल, इंजिनचं कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमानं वाचा. तिन्ही जवळपास सारखी हवीत. गिअरबॉक्सचाच आकडा दहा-पंधरा अंशांनी वेगळा दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासा.

आता उष्णता कुठे तयार होते ते. बहुतेक सगळी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. त्यात पात्यांच्या दोन चकत्या समोरासमोर असतात. इंजिनाला जोडलेली चकती ऑइल फेकते आणि ते ऑइल गिअरबॉक्सला जोडलेल्या चकतीला, म्हणजे टर्बाइनला, फिरवतं. दोघींच्या वेगात जितका फरक, तितकं ऑइल घुसळून तापतं. ठरावीक वेगाला आतला लॉकअप क्लच दोघींना जखडतो, फरक संपतो आणि उष्णताही जवळजवळ थांबते. म्हणून स्कॅनरवर इंजिनचा आरपीएम आणि टर्बाइनचा आरपीएम शेजारी-शेजारी लावून गाडी चालवा, आकडे वाचायला दुसरा माणूस बसवा. सपाट रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगात दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. काही गाड्यांमध्ये मुद्दाम थोडा फरक ठेवलेला असतो, पण तो किरकोळ. दोन-तीनशेचा फरक कायम दिसला तर लॉकअप लागत नाही.

स्कॅनर नसेल तर रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना अॅक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक नुसता शिवा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. आरपीएम किंचित वर जाऊन पाय काढल्यावर परत खाली आला तर लॉकअप लागत होता. काहीच हललं नाही तर बहुधा तो मुळात लागलेलाच नव्हता.

मोठ्या टायरचा संबंध इथे येतो. टायर मोठा झाला की त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं आणि त्याच्यावर ओझं जास्त पडतं. मग चढावर गिअरबॉक्स लॉकअप सोडून देतो, आणि ऑइल नेमकं तेव्हाच घुसळलं जातं. गाडीच्या कॉम्प्युटरला टायरची नवी साइज भरून द्या. ट्रेलर असताना टो मोड (ओझं ओढण्यासाठीची सेटिंग) लावा, नसेल तर हाताने एक गिअर खाली धरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात, पण लॉकअप टिकत असेल तर ऑइल त्यातच थंड राहतं. सपाटीवर ब्रेक धरून तर राहत नाहीत ना, तेही चाकांना हात जवळ नेऊन अजमावा. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर त्या ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबून धरणारा भाग) अडकलाय.

लॉकअप ठीक निघाला तर कूलरकडे वळा. माझा संशय खरं तर इकडेच जास्त आहे. कूलरचे दोन पाइप असतात, एकातून गरम ऑइल जातं आणि दुसऱ्यातून थंड होऊन परत येतं. दोन्ही पाइपांवर काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा, कारण चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो. चढ उतरल्या-उतरल्या गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि फिरत्या फॅनपासून हात लांब ठेवून मोजा. जाणारा पाइप गरम आणि येणाराही जवळजवळ तितकाच गरम असेल तर ऑइल फिरतंय, पण हवा उष्णता नेत नाही. जाणारा गरम, येणारा चांगला थंड आणि तरी आकडा उतरत नसेल तर ऑइल फारच हळू फिरतंय, म्हणजे कूलर आतून तुंबलाय किंवा पाइप कुठेतरी दबलाय. आणि दोन्ही पाइप गिअरबॉक्सपेक्षा खूप थंड असतील तर ऑइल कूलरपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच गाड्यांत थंडीत ऑइल लवकर तापावं म्हणून एक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह असतो. तो अडकला की ऑइल कूलरला वळसा घालून तसंच परत येतं. हा भाग छोटा, बदलायला सोपा, आणि त्याच्याऐवजी चांगले गिअरबॉक्स खोललेले मी पाहिले आहेत.

तुमचा विंच बहुधा कूलरच्या अगदी समोर आलाय. विंच आणि दिवे काढून त्याच चढावर, तोच ट्रेलर लावून, एसी बंद ठेवून एकदा जा. नंतर एसी लावून जा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि आपली उष्णता मागे टाकतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत चिखल-काडीकचरा साठतो, तोही समोरून दिसत नाही, म्हणून टॉर्च लावून वरून डोकवा.

ऑइल बदललंत, तर पातळी पुन्हा तपासून घ्या. ती कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या तापमानालाच मोजायची असते. थंड ऑइलवर पातळी पूर्ण केली तर गरम झाल्यावर ऑइल फुगून वर चढतं, फिरत्या भागांना लागतं आणि त्याचा फेस होतो. कमी असेल तर पंप हवा ओढतो, तरीही फेसच. फेसाळ ऑइल उष्णता नीट नेत नाही आणि क्लचला दाबही देत नाही.

आकड्याबद्दल थोडं. आजचे अनेक गिअरबॉक्स मुद्दाम ९० ते १००च्या आसपास चालवले जातात, त्यामुळे तुमचे ८८-९० ठीक आहेत. साधारण ८० अंशांच्या पुढे दर दहा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. ११५च्या पुढे ऑइलची वार्निश, म्हणजे आतल्या भागांवर चिकट थर, व्हायला लागते, १२५च्या वर रबरी सील कडक होतात. चढावर काही मिनिटं ११८ झाल्याने गिअरबॉक्स मरत नाही. रोज पाऊण तास शंभराच्या वर राहण्याने मात्र मरतो.

खोलायचं कधी? गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइल चेंबर उतरवल्यावर त्यातल्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे तुकडे किंवा क्लचचा काळा चुरा असेल, ऑइलला करपल्याचा वास येत असेल आणि लॉकअप सोडून इतर गिअरमध्येही घसर दिसत असेल, तर त्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर. तेव्हा कूलरही बदला, नुसता धुऊन तो चुरा सगळा निघेलच असं नाही.

प्रश्न : तापमानाचा दिवा लागला की मी बाजूला थांबून इंजिन लगेच बंद करतो. योग्य आहे का?

उत्तर : नाही. ऑइल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलंत की कन्व्हर्टरमधलं सगळ्यात गरम ऑइल जागीच थांबतं. सपाट जागी उभे राहा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये आरपीएम हजार-बाराशेवर धरा, एसी बंद करा. पार्किंगपेक्षा न्यूट्रल सांगतो, कारण काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्किंगला असताना कूलरकडे ऑइल जातच नाही. पाच मिनिटांत आकडा उतरू लागला नाही, खाली ऑइल टपकताना दिसलं किंवा धूर आला, तर मात्र ताबडतोब इंजिन बंद करून गाडीपासून दूर व्हा, कारण ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं. आणि गाडी ओढून न्यायची वेळ आली तर इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून नेऊ नका. इंजिन बंद असताना पंपही बंद असतो आणि गिअरबॉक्स कोरडाच फिरतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं उचलून, ट्रकवर चढवूनच न्या.