फ्रेंच चित्रकार सेझानच्या सुरुवातीच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसणारा तो दाढीवाला माणूस कोण?

तो त्याचा सख्खा मामा, दोमिनिक ओबेर. १८६६ च्या सुमारास सत्तावीस वर्षांच्या पॉल सेझानने फ्रान्समधल्या एक्स गावी त्याची एकापाठोपाठ बरीच व्यक्तिचित्रं केली. कधी डोक्याला कापडी टोपी, कधी वकिलाचा वेश, तर कधी पांढरी कफनी घातलेला ख्रिस्ती साधू! मामा निमूटपणे समोर बसायचा, हे मला फार मोलाचं वाटतं.

ब्रश जवळपास बाजूला ठेवून सेझानने पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, रंग थापला आहे. गवंडी थापीने गिलावा चढवतो, तसा. गालाचा, कपाळाचा एकेक फटका वेगळा मोजता येतो. साधूच्या वेशातलं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, वकिलाचं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. एकच बघायचं असेल, तर साधूचं बघा.